सात नंबरचा खुंट

१ सप्टेंबर, रविवार

होडी आज पाण्यात गेली. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तीन वर्षं दोन महिने लागले. लांबी अकरा फूट चार इंच, मध्यावर रुंदी चार फूट दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आकडे इथे लिहून ठेवतो, कारण उद्या कोणीही उठून बारा फूट म्हणेल.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. ते मला कोणी शिकवलं नाही. होडी बांधायलाही कोणी शिकवलं नाही. रद्दीत एक पुस्तक सापडलं, ते शिवण सुटेपर्यंत वाचलं आणि दुकानामागच्या शेडमध्ये फळीला फळी जोडत गेलो. आजवर कोणाचं शिष्यत्व पत्करलेलं नाही. हे गर्वानं नाही, नोंद म्हणून लिहितो.

तळ्याच्या लाकडी धक्क्यावर मला सात नंबरचा खुंट मिळाला आहे; नंबर एक, खुंट दोन, पुढचा आणि मागचा. आठ नंबरला कंपाउंडर. दवाखान्यात तीस वर्षं पुड्या बांधून आणि जखमांना पट्ट्या गुंडाळून हा माणूस निवृत्त झाला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं नाव कोणालाच आठवत नाही, पण त्याला ओळखत नाही असा माणूस धक्क्यावर नाही. त्याची होडी तीन रंगांची आहे, कारण तीन वेळा जो उरलासुरला रंग मिळाला तो त्यानं फासला. बाजूला फाटका टायर लोंबतो. बांधायला एकच दोर, तोही ढिला, आणि त्याला सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की मोकळी. होडी हातभर लांब जाते, परत येते, पुन्हा जाते. घरचं कोणी विचारणारं नसल्यासारखी.

माझी मी पुस्तकाप्रमाणे बांधली. पुढे दोन दोर, मागे दोन, खुंटांच्या बुडाजवळ ज्या लोखंडी कड्या आहेत त्यांना, चारही ताणून, निरगाठ मारून. मग मधल्या फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर.

कंपाउंडर टायरवर पाय ठेवून बघत होता. म्हणाला, "इंजिनिअरसाहेब, होडी आहे ती, पेशंट नव्हे. हातपाय कशाला बांधलेत?"

मी इंजिनिअर नाही हे त्याला ठाऊक आहे. सोबत माझी बायको होती, ही हसली. पदर तोंडाला लावून नाही, चांगली मोकळी हसली. माझ्या बोलण्यावर ही शेवटची अशी कधी हसली होती ते आठवून पाहिलं. आठवलं नाही.

घरी येताना हिनं विचारलं, मला कधी बसवणार. मी सांगितलं, नवं लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग सांधे आपोआप भरतात, त्याला पंधरा दिवस द्यावे लागतात. ही म्हणाली, बरं.

३ सप्टेंबर, मंगळवार

धक्क्याच्या राखणदारानं आज विनाकारण ज्ञान दिलं. म्हणे तळ्याच्या पलीकडच्या टोकाला भिंतीत दरवाजे आहेत, पाणीपुरवठावाले ते कधी उघडतात कधी लावतात, कोणाला सांगत नाहीत, त्यामुळे पाणी वर-खाली होतं. मी त्याला पुस्तकातलं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं: स्थिर जलाशयात होडी दोन्ही टोकांना आवळून बांधावी, म्हणजे ती धक्क्यावर आपटत नाही. तळं म्हणजे तळं. समुद्र असता तर भरती-ओहोटीची गोष्ट. राखणदार "असेल, असेल" म्हणत तंबाखू मळत निघून गेला. हेच लोक कंपाउंडरचं मात्र कान देऊन ऐकतात.

आणखी एक. कंपाउंडरकडे दवाखान्यातला जुना छोटा तराजू आहे, पितळी. त्यावर तो माशांना टाकायचे दाणे तोलतो. लांबूनच कळलं, काटा अडकतो. मी काही बोललो नाही. त्यानं विचारलंही नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

मागच्या दोन्ही दोरांची निरगाठ कोणीतरी सोडली.

सोडून पुन्हा बांधली आहे. सुरगाठ. सव्वा फूट ढील देऊन. होडी तिरकी उभी होती, मागची बाजू धक्क्यापासून सुटून. पाणी मागच्या आठवड्यापेक्षा थोडं खाली वाटलं, पण नजरेचा भरवसा नाही आणि मी खूण केलेली नव्हती. चारही दोर पुन्हा आवळले. पाणसळ लावली.

सुरगाठ या धक्क्यावर कोण मारतं हे सांगायला ज्योतिषी नको.

८ सप्टेंबर, रविवार

त्याला तोंडावर विचारलं. शांतपणे विचारलं. तो दाणे तोलत होता. म्हणाला, "मी तुमच्या होडीला बोट लावलेलं नाही. पण ज्यानं लावलंय त्याचा हात चांगला आहे." आणि माझ्या खांद्यावरून मागे बघून हसला. मागे ही उभी होती, थर्मास घेऊन.

हिनं त्याला चहा दिला. आधी त्याला, मग मला. म्हणाली, "घ्या भाऊजी."

मागच्या रविवारपर्यंत हा कंपाउंडरसाहेब होता. सात दिवसांत भाऊजी झाला. माझ्या सख्ख्या भावाला ही लग्नानंतर दोन वर्षांनी भाऊजी म्हणायला लागली होती. घरी आल्यावर मी तसं बोलून दाखवलं. ही म्हणाली, मग काय म्हणू, ए कंपाउंडर म्हणू? मला उत्तर सुचलं नाही. आत्ता सुचतंय. काहीच म्हणू नये.

१२ सप्टेंबर, गुरुवार

हिच्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी संध्याकाळचं चालणं सांगितलं, त्याला आता महिना होईल. पूर्वी बाजाराच्या बाजूला जायची. हल्ली तळ्याच्या बाजूला जाते. एक दिवसाआड.

घर ते धक्का आणि परत, हिच्या चालीनं, सव्वीस मिनिटं. मी स्वतः हळू चालून मोजलं आहे. ही आज चाळीस मिनिटांनी आली. चौदा मिनिटं शिल्लक राहतात.

चपलांना ओली वाळू होती. उजव्या तळहातावर आडवा लाल वळ. काय झालं विचारलं तर म्हणाली, कात्री लागली. ही पस्तीस वर्षं शिवणकाम करते. घरबसल्या अर्ध्या वस्तीचे कपडे हिच्या हातून जातात. कात्रीचा वळ अंगठ्याच्या मुळाशी उठतो, तळहातावर आडवा नाही. हे मला कळतं.

१५ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस नीट क्रमानं लिहितो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

पंधरा दिवस झाले. होडीच्या तळाशी हात फिरवला, एक थेंब नाही. सांधे भरले. (मागचे दोर पुन्हा ढिले केलेले. हे आता चौथ्यांदा. आवळले.) ही सकाळीच तयार होती. केस घट्ट बांधलेले, पिशवीत खाण्याचा डबा, डोक्याला रुमाल. मी वल्ही लावली आणि लक्षात आलं की डावं वल्हं ज्या कडीत फिरतं ती कडी एक सूत मोठी आहे. वल्हं खडखडतं. चाललं असतं. पण खडखडणाऱ्या कडीत मी माझ्या होडीचा पहिला फेरा मारणार नाही. हिला सांगितलं, पुढच्या रविवारी. ही धक्क्यावर पाय सोडून बसली. मी कडी घेऊन दुकानात गेलो.

कडी बरोबर व्हायला पावणेतीन तास लागले. परत आलो तेव्हा धक्क्यावर फक्त पिशवी होती.

ही तळ्याच्या मध्यावर होती. तीन रंगांच्या होडीत. दोन्ही वल्ही हिच्या हातात, आणि कंपाउंडर मागे बसून नुसती बोटं हलवून डावीकडे-उजवीकडे सांगत होता. होडी गोल गोल फिरत होती आणि हिचं हसू काठापर्यंत ऐकू येत होतं. राखणदारही हसत होता. मला बघून थांबला.

मी उभा राहिलो. कडी खिशात होती. इतकी अचूक कडी मी आजवर केलेली नाही.

घरी येताना मी म्हणालो, एक आठवडा थांबवलं नाही का.

ही म्हणाली, "तीन वर्षं थांबलेच की."

१६ सप्टेंबर, सोमवार

पुरावा हवा. आवळलेल्या निरगाठीच्या पोटात पांढरा दोरा घातला, हिच्या शिवणाच्या डब्यातला, चाळीस नंबरचा. बाहेर फक्त दोन सूत टोक. माहीत नसलेल्याला दिसणार नाही. कोणी गाठ सोडली की दोरा पडेल, आणि मला दिवस कळेल.

पोटात हे काय आहे ते मी स्वतःशी तरी कबूल करतो. चोराचा राग नाही तो. चोर काही नेत नाही. होडीसुद्धा जागच्या जागी आहे. राग याचा आहे की त्या ढिल्या गाठीशी होडी छान दिसते.

हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

दोरा पडलेला नाही. सापडला, पण वेगळ्याच जागी.

मागच्या दोराचं टोक उसवत होतं, पिंजारलं होतं. त्या टोकाभोवती माझाच पांढरा दोरा गुंडाळला आहे, वळाला वळ लागून, एकावर एक न चढू देता, आणि शेवटचं टोक आत ओढून घेतलेलं. मोजले, एकवीस वळसे. टोक आता उसवणार नाही. काम निर्दोष आहे, हे मी काम करणारा माणूस म्हणून लिहितो.

तीस वर्षं बोटांना पट्ट्या गुंडाळल्या की हात असा बसतो. म्हणजे याला माझा सापळा कळला आणि त्यानं त्याचीच पट्टी करून दाखवली. एवढा चढेल माणूस मी पाहिलेला नाही.

रात्री जेवताना हिला हे सविस्तर सांगितलं. दोऱ्याचे वळसे, आत ओढलेलं टोक, सगळं. ही माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "काम चांगलं होतं म्हणता?" मी म्हटलं, काम चांगलंच होतं, माणूस वाईट. ही उठून भांडी घासायला गेली. पाठमोरी असताना हिचे खांदे हलत होते. हसत होती की काय कळलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

साखळी आणली. दोन. जाड कडीची, आणि दोन पितळी कुलपं. पुढची आणि मागची बाजू खुंटांच्या बुडाला आवळून कुलूपबंद केली. साखळीच्या दोन कड्यांत कागदसुद्धा जाणार नाही. किल्ल्या माझ्या खिशात. आता सोड म्हणावं गाठ.

कंपाउंडर आला, आणि पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, "साहेब, वर डोंगरात चार दिवस पाऊस आहे. खालचे दरवाजे बंद आहेत असं ऐकतोय. साखळीला निदान दोन हात..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. धक्क्यावर सहा-सात माणसं होती. मी म्हणालो, "तुम्ही आपली होडी बघा. आणि दुसऱ्याच्या घराकडे बघायचं सोडा."

कंपाउंडर तराजू उचलून आपल्या होडीत जाऊन बसला, पाठ करून. हिच्या हातात थर्मास होता. तो हिनं फळीवर ठेवला आणि एकटी घरी निघाली. गुडघा दुखतो, तरी मला गाठता येणार नाही इतक्या झपाट्यानं.

मी थर्मास घेऊन मागून आलो. चहा तसाच होता.

२२ सप्टेंबर, रविवार

इथेही पाऊस. ही दिवसभर मशीनवर. मशीनचा आवाज थांबला की घरात काहीच आवाज नाही.

संध्याकाळी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "किल्ल्या द्या."

कशाला, विचारलं.

"द्या. एवढंच."

सांग कशाला, मग देतो. ही म्हणाली, सांगून उपयोग असता तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी म्हणालो, काय सांगितलं असतंस? ही माझ्याकडे बघत राहिली, मी काटा बघतो तशी, कुठे अडकलंय ते शोधत. मग म्हणाली, राहू द्या.

किल्ल्या दिल्या नाहीत. पहिल्याच दिवशी काय सांगणार होती, याचा विचार करतोय. एकच उत्तर येतंय, आणि ते मी इथेही लिहिणार नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

कामासाठी बाहेरगावी. गोदामाचा ट्रक तोलायचा काटा बिघडला आहे. आज मुक्काम इथेच. दिवसभर काट्याच्या खड्ड्यात, पाणी उपसून उपसून काम. हिचा फोन दोनदा आला. पहिल्या वेळी हात ग्रीसमध्ये होते. दुसऱ्या वेळी हात पुसलेले होते, तरी उचलला नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी साडेबाराला उतरलो. घराला कुलूप. दुकानाचं दार उघडं, आणि भिंतीवरची लोखंड कापायची करवत जागेवर नाही. मी धक्क्याकडे गेलो. धावलो असं लिहायला हवं.

पाणी सव्वादोन फूट चढलं होतं. आठ नंबरवर ती तीन रंगांची होडी नेहमीसारखी हेलकावत होती, फक्त धक्क्याच्या फळीला आली होती, एवढंच. सगळ्या होड्या वर आल्या होत्या. सात नंबरवर होडी नव्हती.

होती. पाण्याखाली. साखळीनं धरून ठेवलेली. पाणी चढत गेलं आणि साखळ्यांनी होडीला वर येऊ दिलं नाही, मग पाणी काठावरून आत शिरलं. मधल्या फळीचं पिवळं लाकूड पाण्यातून दिसत होतं.

ही धक्क्यावर पालथी पडली होती, दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात. करवत चालवत होती. कंपाउंडर छातीभर पाण्यात उभा, होडीचं मागचं टोक खांद्यावर तोलून धरलेलं, म्हणजे साखळी ताठ राहून करवत नीट चालावी. पहाटेपासून चाललं होतं, राखणदारानं नंतर सांगितलं. तोपर्यंत एक साखळी तुटली होती. कंपाउंडरच्या डाव्या तळव्याला करवतीनं चिरलं होतं, वर हिचा डोक्याचा रुमाल गुंडाळलेला.

हिनं मान वळवली. केस तोंडावर चिकटलेले. ओरडली नाही. एकच शब्द म्हणाली.

"किल्ली."

दिली. हिनं ती पाण्यात नेऊन नुसत्या बोटांनी कुलूप चाचपलं, लावली, फिरवली. साखळी सुटली आणि होडी वर आली. सावकाश, पाण्यानं भरलेली, एका अंगावर कललेली. जिथे साखळीनं ओढलं होतं तिथे वरची फळी सांध्यात फाटली आहे. दीड फूट. बाकी शाबूत.

मग हिनं दोर घेतला. उभी राहिली, खुंटाभोवती एक फेरा, आडवा हात, वळसा, टोक आत. खुंटाकडे बघत नव्हती, होडीकडे बघत होती. सुरगाठ. ढील सोडून. दोराच्या टोकाला पांढरा दोरा होता, वळाला वळ लागून.

मी ते बघत होतो. कंपाउंडर पाण्यातून वर चढला, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून राखणदाराच्या खोलीकडे गेला.

मी म्हणालो, "हात तुझा होता."

"मग कोणाचा असणार?"

बसली. ओला पदर पिळत सांगायला लागली. पहिल्याच आठवड्यात चालायला आली तेव्हा पाणी उतरलं होतं आणि आपली होडी मागच्या दोरांवर लोंबत होती, बाजूच्या होड्या खाली गेल्या होत्या. भाऊजी म्हणाले, थांबा, मी ढील देतो. हिनं नको म्हटलं. "दुसऱ्याचा हात लागलेला तुम्हाला एका नजरेत कळेल, आणि सहन होणार नाही. म्हणून म्हटलं, मला शिकवा, मी बांधते. एका संध्याकाळी शिकवली त्यांनी. त्यांच्या होडीच्या खुंटावर."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तुम्ही पाणसळ दाखवली असती."

एवढं बोलून ही हाताकडे बघत बसली. उजव्या तळहातावर आता चार आडवे वळ आहेत.

२६ सप्टेंबर, गुरुवार

होडी काठावर दोन लाकडी घोड्यांवर उपडी ठेवली आहे. वाळतेय. फाटलेली फळी काढली. नवी बसवायला चार दिवस.

मनात जे आहे ते लिहितो. आधी वाटत होतं की ही त्याच्यासाठी जाते. ते गेलं. त्याची लाज वाटते, ती वेगळी नोंद. पण पोटातलं दुखणं गेलं नाही, फक्त जागा बदलली. ही एका संध्याकाळी शिकली. कोणीतरी समोर उभा राहिला, म्हणाला असं धरा, असं फिरवा, चुकलं, पुन्हा. मला असं कधी कोणी म्हटलं नाही. मी कोणाला म्हणू दिलं नाही असंही असेल. तपासायला हवं.

२९ सप्टेंबर, रविवार

कंपाउंडर आला. हाताला पट्टी, स्वतःच बांधलेली, वळसे एकावर एक चढलेले. बघवेना. त्याचं काम मी उगाच वाखाणलं होतं.

होडीजवळ बसला. मी रंधा मारत होतो. त्या दिवशी धक्क्यावर जे बोललो त्याबद्दल काय बोलावं याची मी दोन दिवस तयारी केली होती, तीन वाक्यं होती. एकही बाहेर आलं नाही. तोच म्हणाला, "साहेब, फळी छान बसतेय." मग त्याच्या पिशवीतला तराजू मी मागितला. कशाला ते न विचारता दिला.

काही विशेष नव्हतं. मधला स्क्रू कोणीतरी गच्च आवळून ठेवला होता, म्हणून दांडी नीट हलत नव्हती. अर्धा फेरा सैल केला. काटा लगेच डोलायला लागला, आणि डोलत डोलत बरोबर मध्यावर येऊन थांबला. लोकांना स्क्रू किती आवळायचा ते कळत नाही. आवळला म्हणजे अचूक झाला असं वाटतं.

त्याला तसं सांगितलं. तो माझ्याकडे बघून खूप वेळ हसत राहिला. काय हसला कोण जाणे. पण या वेळी मलाही हसू आलं.

६ ऑक्टोबर, रविवार

होडी पुन्हा पाण्यात. सकाळी सात पन्नास.

ही पुढे बसली, वल्ही मागितली. दिली. नवी कडी खडखडत नाही. ही होडी सरळ नेते, मी नेली असती त्यापेक्षा सरळ, कारण मी पाण्याकडे बघितलं असतं आणि ही काठावरचं एक झाड धरून ठेवते. हेही भाऊजींनी सांगितलं का, विचारलं. हो म्हणाली. मी तोंड वाकडं केलं असणार. ही म्हणाली, "तुम्हाला पण सांगतील. विचारलंत तर."

तळ्याच्या मध्यावर हिनं वल्ही आत घेतली. डबा उघडला. तीन वर्षं दोन महिन्यांत मी या होडीत कोणी जेवेल अशी कल्पना केली नव्हती. सांडू नये म्हणून मांडीवर रुमाल पसरला.

धक्क्यावर परत आल्यावर हिनं दोर माझ्या हातात दिला. म्हणाली, बांधा. मी निरगाठ मारायला गेलो, हात आपोआपच जातो. हिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी म्हणालो, "दाखव."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. कंपाउंडर आठ नंबरवर दाणे तोलत होता, त्यानं मान वर केली नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

हिनं दाखवलं. खुंटाभोवती फेरा. आडवा हात. वळसा. टोक आत, पण पूर्ण नाही, ओढता येईल इतकं बाहेर. माझं तीनदा चुकलं. चौथ्यांदा जमलं, पण मी आवळायला लागलो.

"अहो, सोडा आता. थोडी जागा राहू द्या तिला."

किती, विचारलं. ही म्हणाली, "बघून."

बघून सोडली. मोजली नाही.

(संध्याकाळी एकटा जाऊन मोजली. एकवीस इंच. बरोबर आहे. येताना कंपाउंडरच्या दोराची ढीलही मोजली. एकोणीस.)